बंद पडलेल्या अमेरिकन रेल्वेचा ‘व्हॅल मॅप’ कसा वाचायचा

मी न्यू जर्सीत जमीन मोजणीचं काम करतो. जुन्या रेल्वेमार्गाला लागून प्लॉट आला की आधी त्या मार्गाचा मूल्यांकन नकाशा, म्हणजे व्हॅल मॅप शोधतो. नवीन मुलं शीट उघडली की थेट रुळांच्या रेघांकडे वळतात. आधी कोपऱ्यातली चौकट वाचा: कंपनी, व्हॅल्युएशन सेक्शन (मूल्यांकनासाठी पाडलेला मार्गाचा भाग), शीट नंबर, स्केल, तारीख. तारीख बहुधा १९१५ ते १९१९ मधल्या एखाद्या ३० जूनची असते.

हे नकाशे बनले त्यामागे मोठी लढाई आहे. १८९८ साली नेब्रास्काच्या मालभाड्यावरून ‘स्मिथ विरुद्ध एम्स’ खटला झाला. सुप्रीम कोर्ट म्हणालं, मालमत्तेच्या रास्त किमतीवर कंपनीला रास्त परतावा सुटला पाहिजे. पण किंमत सांगणार कोण? कंपन्यांचे शेअर तर फुगवलेले! विस्कॉन्सिनचे सिनेटर ला फॉलेट यांनी हा विषय लावून धरला आणि १९१३ च्या कायद्यानं इंटरस्टेट कॉमर्स कमिशनला, म्हणजे रेल्वेवर देखरेख ठेवणाऱ्या सरकारी आयोगाला, देशभरच्या रेल्वे मोजायला लावल्या. स्लीपर, मोऱ्या, स्टेशनं, जमिनीचा तुकडा न तुकडा. किमतीचा वाद पुढेही चालला. १९२९ साली ओ’फॅलन रेल्वेच्या खटल्यात कमिशन हरलं. मोजणी मात्र टिकली, आणि मला तिचं फार मोल वाटतं.

आता मध्यरेषेवरचे आकडे. अधिकच्या आधीचा आकडा शंभर-शंभर फुटांचा, नंतरचा उरलेल्या फुटांचा. ४५२+३० म्हणजे शून्यापासून ४५,२३० फूट. झेरॉक्सवर पट्टी लावण्याआधी ४५० ते ४६० हे अंतर मोजा. स्केल १ इंचाला ४०० फूट असेल तर अडीच इंच भरलं पाहिजे. कमी भरलं तर प्रत लहान केलेली आहे. तिच्यावरून हद्द काढू नका.

खरा ऐवज जमिनीच्या तुकड्यांच्या तक्त्यात आहे. प्रत्येक तुकड्याच्या नंबरापुढे जमीन देणारा, घेणारा, दस्ताचा प्रकार, तारीख. फेरफार वाचायची सवय असेल तर लगेच उमगेल. पण तक्ता म्हणजे दस्त नव्हे. काउंटीच्या नोंदणी कार्यालयात जाऊन मूळ दस्त वाचाच, कारण मालकी दिली की नुसता वहिवाटीचा हक्क, हे तिथेच कळतं. एका तुकड्यापुढे मला फक्त ‘डीड’ लिहिलेलं दिसलं. मूळ दस्तात शेतकऱ्यानं जमीन ‘रेल्वे चालेल तोवर’ दिली होती. रूळ कधीच उखडले होते. मग जमीन आता कोणाची, हाच प्रश्न. शेजाऱ्याचं कुंपण आम्ही त्या दिवशी नकाशावर आखलंच नाही. आधी वकिलाला फोन केला.