रहस्यमालिकेचा धागा सुटू नये म्हणून
मराठी रहस्यमालिका बघायची तर बेळगाव, खानापूर, निपाणीकडे आधी टीव्ही-वाहिन्यांचा पॅक तपासा. कर्नाटकातल्या स्वस्त पॅकमध्ये बहुधा कन्नड वाहिन्यांचाच भरणा असतो. 2019 पासून हवी ती वाहिनी सुटी घेता येते, तेव्हा केबलवाल्याला नाव सांगून तेवढीच जोडून घ्या.

खानापूरच्या पावसात डिशचा सिग्नल जातो, कारण जोराची सर लहरी शोषून घेते. छपरावर चढून डिश हलवू नका. सर ओसरली की चित्र परत येतं. हुकलेला भाग पुनःप्रक्षेपणात गाठा.

खरं काम वहीचं. भागाला एक पान, दोन रकाने: कोण काय म्हणालं आणि पडद्यावर काय दिसलं. उदाहरणार्थ, काकू म्हणतात, ‘रात्रभर देवळात होते’. चपला मात्र उंबऱ्याशी, ओल्या चिखलाच्या. दोन्ही एकाच रकान्यात लिहिलं की घोटाळा होतो, कारण पात्रं खोटं बोलतात. पुढच्या आठवड्यात टीव्ही लावण्याआधी ते पान वाचा. संशयित तिघांपेक्षा जास्त ठेवू नका.

प्रोमोवरून तर्क बांधू नका, त्यात वेगवेगळ्या प्रसंगांतली वाक्यं जोडलेली असतात. आणि भाग बघेपर्यंत फोनवर मालिकेचं नाव शोधू नका. खुनी कोण ते पहिल्याच ओळीत कळायचं!