सातवीच्या इंग्रजीचं आठवड्याचं नियोजन : वाचन, लेखन, ग्रामर एकत्र कसं बसवायचं

मराठी माध्यमाच्या सहावी-सातवी-आठवीला इंग्रजी शिकवणाऱ्यांसाठी लिहितेय. आपल्याकडे २००० सालापासून पहिलीपासून इंग्रजी आहे, म्हणजे सातवीत आलेल्या मुलाची सहा वर्षं इंग्रजीत गेलेली असतात आणि तरी त्याला स्वतःच्या मनाने चार वाक्यं लिही म्हटलं की ते खाली मान घालून बसतं. मुलं मठ्ठ नसतात हो, आपण सोमवारी धडा वाचतो, बुधवारी फळ्यावर प्रश्नोत्तरं उतरवून देतो आणि शुक्रवारी भलत्याच उदाहरणांवर टेन्स शिकवतो, मग या तिन्हीचा एकमेकांशी काही संबंध आहे हे त्यांना कळणार कुठून. म्हणून माझं सरळ म्हणणं आहे, आठवड्याला एकच उतारा घ्या, त्यातूनच लिहायला लावा, आणि ग्रामर कुठलं घ्यायचं ते मुलांच्या वह्यांना ठरवू द्या.

माझ्याकडे सहा तास असतात. तुमच्याकडे पाच असतील तर मधले दोन एकत्र करा.

सोमवारी धड्यातल्या बारा-पंधरा ओळीच घ्यायच्या, अख्खा धडा नको. आधी दोन मिनिटं मराठीत प्रसंग सांगायचा, मग पुस्तकं मिटवून आपण मोठ्याने वाचायचं, नीट, जिथे थांबायचं तिथे थांबून. फळ्यावर फक्त पाच शब्द, वीस शब्दार्थ लिहून दिले की वही भरते, पण डोक्यात काही उरत नाही.

मंगळवारी मुलांनी वाचायचं, पण एकेकाला उभं करून नाही, कारण एक वाचतो तेव्हा बाकीचे चाळीस खिडकीबाहेर बघतात, आणि ज्याला येत नाही त्याची सगळ्यांसमोर शोभा होते ती वेगळीच. जोड्या लावा, बऱ्यापैकी वाचणारा आणि अडखळणारा. गोंगाट होतो, होऊ दे, मुख्याध्यापकांना आधीच सांगून ठेवा. शेवटच्या दहा मिनिटांत प्रश्न इंग्रजीत विचारा, उत्तर मराठीत आलं तरी चालेल, मुलाला समजलंय का हेच बघायचंय.

बुधवारी तोंडी वाक्यं. उताऱ्यात बाजार असेल तर तुमच्या गावच्या बाजाराची. जे वाक्य तोंडातून आलं नाही ते कागदावर येत नाही, हा माझा अनुभव आहे.

गुरुवारी लेखन, फक्त पाच वाक्यं, खोडरबर बंद. निबंधाचा विषय देऊ नका, घरात काल काय झालं ते लिहायला सांगा. एका मुलीने एकदा लिहिलं होतं, ‘येस्टरडे आवर काऊ गिव्ह वन बेबी. आय व्हेरी हॅपी.’ पूर्वी मी यावर लाल पेनाने चार गोल केले असते. त्या दिवशी तिला विचारलं, वासराचं नाव काय ठेवलंस, तर तिने उभ्याउभ्याच अजून तीन वाक्यं सांगितली, चुकीची का होईना पण सगळी इंग्रजीत! आता बघा, ‘आय व्हेरी हॅपी’ का येतं? आपण ‘मी खूश’ म्हणतो तेव्हा क्रियापद लागतच नाही, मूल तेच जसंच्या तसं उचलतं. म्हणजे चूक कुठून आली हे कळलं की शिकवायचं कसं तेही कळतं.

संध्याकाळी वह्या चाळायच्या, सगळ्या चुका तपासायला बसायचं नाही, नाहीतर रात्रीचे बारा वाजतात. सगळ्यात जास्त वह्यांत दिसलेली एक चूक निवडायची, तेच शुक्रवारचं ग्रामर. तीच दोन-चार वाक्यं नाव न घेता फळ्यावर लिहायची आणि मराठीचा हात धरून पुढे जायचं.

जसं की ‘ही गो टू स्कूल’. मुलांना विचारा, आपण ‘तो जा’ म्हणतो का? ‘तो जातो, ते जातात’, म्हणजे आपल्याकडेही क्रियापद बदलतंच की! मग ‘द बॉय प्लेज, द बॉइज प्ले’ ही जोडी फळ्यावर लिहून सांगायचं की एस एकच आहे, तो एकतर मुलाला द्या नाहीतर खेळण्याला. ‘चिल्ड्रन’ला ही युक्ती लागू पडत नाही, ते त्याच दिवशी सांगून टाका. भूतकाळ तर आपल्यापेक्षा सोपा आहे. आपण ‘आंबा खाल्ला, पोळी खाल्ली, पोहे खाल्ले’ म्हणतो, इंग्रजीत तिन्हीला एकच ‘एट’, हे सांगितल्यावर मुलांचे चेहरे बघा. आर्टिकलसाठी गोष्टीची सुरुवात वापरा, ‘एका गावात एक म्हातारी राहत होती, ती म्हातारी रोज रानात जायची’. पहिल्यांदा आली ती ‘एक म्हातारी’ म्हणजे ‘अ’, ओळख झाली की ‘ती म्हातारी’ म्हणजे ‘द’. सगळीकडे हे बसत नाही, पण सातवीत सुरुवातीला एवढं पुष्कळ झालं. मराठीच्या बाईंशी बोलून ठेवा, नाम, क्रियापद, काळ हे त्यांच्या तासाला कधी होतंय ते बघून आपलं पुढेमागे करता येतं.

शनिवारी सकाळच्या शाळेत गुरुवारचीच पाच वाक्यं नव्या पानावर परत लिहायची, शुक्रवारची एक चूक सुधारून. बाकीच्या चुका राहिल्या तर राहू द्या, त्यांचा आठवडा येईल. टाचणात, म्हणजे शिकवण्याच्या नोंदवहीत, मी प्रत्येक शनिवारी ती चूक आणि किती वह्यांत सुधारली एवढंच लिहिते, आकारिक मूल्यमापनाच्या, म्हणजे वर्षभर चालणाऱ्या मूल्यमापनाच्या, नोंदींनाही तेच कामी येतं.

जूनमधलं प्रत्येकाचं पहिलं पान मात्र फाडून फाईलला लावून ठेवा. दिवाळीनंतरच्या पालकसभेत ते पान आणि आत्ताचं पान शेजारी ठेवून दाखवा, ज्या आईवडिलांना इंग्रजी वाचता येत नाही त्यांनाही ओळी वाढलेल्या दिसतात.