पॅन्टचा नंबर सोडा, टेप घ्या

ऑफिसच्या हेल्थ चेकअपचा रिपोर्ट आला की आपण काय करतो, ठळक आकडे बघतो, "बॉर्डरलाइन आहे रे" म्हणतो आणि फाइल कपाटात टाकतो. तीच फाइल काढा, आणि कपडे शिवायची टेप. डायबिटीस-हार्टचा धोका वाढलाय का आणि शरीर दाखल्यावरच्या वयापेक्षा म्हातारं होतंय का, याचा अंदाज या दोघांतून येतो.

आधी पोट. माझी पॅन्ट ३४ ची म्हणून मी निवांत होतो, पण पॅन्ट तर पोटाच्या खाली बांधतो ना आपण! टेप शेवटची बरगडी आणि कमरेचं हाड यांच्या मधोमध धरायची, श्वास सोडून, आणि पोट आत न ओढता (मी ओढलं होतं). आलं ९४ सेंटीमीटर. आपल्याकडे पुरुषांना ९० आणि बायकांना ८० ही लाइन धरतात. वजन नॉर्मल असलं तरी मोजाच, कारण पुण्याचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे जॉन युडकिन, दोघांचा बीएमआय (उंचीच्या मानाने वजन) सेम २२.३, पण अंगातली चरबी युडकिनची ९.१ टक्के आणि याज्ञिकांची २१.२, हे दोघांच्या फोटोसकट २००४ ला लॅन्सेटमध्ये छापून आलंय. हातपाय काड्या आणि पुढे पोट, विरार लोकलमध्ये मान वळवा, दिसतील.

मग रिपोर्ट. उपाशीपोटी साखर १०० किंवा वर, ट्रायग्लिसराइड (रक्तातली चरबी) १५० किंवा वर, बीपी १३०/८५ किंवा वर, एचडीएल (चांगलं कोलेस्टेरॉल) पुरुषांत ४० आणि बायकांत ५० च्या खाली. पोट धरून या झाल्या पाच गोष्टी, त्यातल्या कुठल्याही तीन जमल्या की मेटाबॉलिक सिंड्रोम, म्हणजे डायबिटीस आणि हार्ट दोन्हीचा धोका वाढला.

आता वयाचं. रक्तात साखर जास्त राहिली की ती प्रोटीनला चिकटत जाते, रक्तवाहिन्यांच्या भिंतीतही, मग त्या कडक होतात, वर पोटातली चरबी अंगात आतून बारीक सूज चालू ठेवते. म्हणून दाखल्यावर ४२ आणि आतून जास्त. विकतच्या 'खरं वय' टेस्टवर मी तरी पैसे घालणार नाही, शरीराचं वय काढायचं २०१८ चं फेनोएज नावाचं गणितसुद्धा साध्या नऊ रक्ततपासण्यांवर चालतं आणि त्यात साखर आहेच.

करायचं काय तर जेवल्याजेवल्या आडवं व्हायचं नाही. साडेनऊला जेवून मी सरळ लोळायचो, आता बिल्डिंगखाली पंधरा मिनिटं फेऱ्या, पावसात मजल्यावरच्या पॅसेजमध्ये, शेजारचे काका हसतात, हसू दे. चालताना स्नायू इन्सुलिनची फार वाट न बघता साखर ओढतात. ताटात उसळ आधी, भात मागून आणि थोडा. डायबिटीसच्या गोळ्या किंवा इन्सुलिन चालू असेल तर आधी डॉक्टरला विचारा.

एचबीए१सी (मागच्या दोन-तीन महिन्यांच्या सरासरी साखरेची टेस्ट) मात्र तीन महिन्यांनीच परत करा, लाल पेशी साधारण १२० दिवस जगते, त्याआधी जुनीच साखर मोजली जाते.