डी.ए. की एलपीजी : गावातल्या वर्कशॉपसाठी गॅस निवडताना

ट्रॉलीचा मोडलेला चॅनल कापणे, कल्टिव्हेटरचा वाकलेला दांडा तापवून सरळ करणे, गंजून धरलेला नट सोडवणे, अशी कामे विदर्भातल्या गावच्या फॅब्रिकेशनच्या दुकानात नेहमीच येतात. अशा दुकानात ऑक्सिजनच्या जोडीला डी.ए., म्हणजे ॲसिटिलीन, ठेवावे की एलपीजी, हे बहुतेक जण दोन सिलेंडरांचे भाव विचारून ठरवतात. ती तुलना अपुरी आहे, कारण एलपीजी स्वस्त पडला तरी तो ऑक्सिजन जास्त खातो, आणि ऑक्सिजनचा सिलेंडर शहरातून गाडीभाडे देऊन आणावा लागतो.

ऑक्सिजनमध्ये ॲसिटिलीनची ज्योत सुमारे ३,१०० अंश सेल्सियसला, तर एलपीजीतला मुख्य घटक असलेल्या प्रोपेनची सुमारे २,८०० अंशांना पोचते. कापण्याच्या कामात मात्र हा फरक वाटतो तेवढा महत्त्वाचा नाही, कारण गॅस कटिंगमध्ये लोखंड वितळवले जात नाही, ते जाळले जाते : ज्योतीने कडेचा एक ठिपका लालभडक, सुमारे ९०० अंशांपर्यंत तापवायचा आणि लिव्हर दाबून सोडलेल्या शुद्ध ऑक्सिजनने ते लोखंड जाळून खपली खाली उडवायची. म्हणूनच ऑक्सिजनची शुद्धता ९९.५ टक्क्यांवरून एक टक्का जरी घसरली, तरी वेग जवळपास पाव हिश्श्याने कमी होऊ शकतो, आणि आपण दोष मात्र गॅसला देतो. खरा फरक उष्णता ज्योतीच्या कोणत्या भागात आहे यात आहे. ॲसिटिलीनची बरीचशी उष्णता आतल्या टोकदार शंकूत एकवटलेली असते, त्यामुळे कट लवकर सुरू होतो. एलपीजीची बहुतेक उष्णता बाहेरच्या पसरट ज्योतीत असते, त्यामुळे सुरुवातीला थांबावे लागते, पण एकदा कट चालू झाला की चार सुती, म्हणजे अर्धा इंच जाडीच्या, प्लेटवर दोन्हींच्या वेगात फारसे अंतर राहत नाही.

यावरून कामाचा प्रकार पाहूनच निवड करावी लागते हे उघड आहे. दिवसभर लहान लहान तुकडे, भोके आणि अँगल कापायचे असतील, तर एलपीजीवर प्रत्येक वेळी तापवण्यात वेळ जातो आणि डी.ए. परवडते. लांब सरळ कट जास्त असतील तर एलपीजी बरा.

तापवण्याच्या कामाचा हिशेब वेगळा आहे. एक घनमीटर ॲसिटिलीनमधून सुमारे ५५ मेगाज्यूल आणि प्रोपेनमधून सुमारे ९३ मेगाज्यूल उष्णता मिळते, परंतु टॉर्चमधून, म्हणजे ज्योत जिथून निघते त्या हत्यारातून, त्यांना अनुक्रमे सव्वापट आणि चौपट ऑक्सिजन द्यावा लागतो. म्हणजे तेवढ्याच उष्णतेसाठी एलपीजीला सिलेंडरमधला ऑक्सिजन जवळपास दुप्पट लागतो. उलट ॲसिटिलीनच्या सिलेंडरमधून तासाला त्यातल्या गॅसच्या सातव्या हिश्श्याहून जास्त ओढू नये, नाहीतर ज्यात तो विरघळलेला असतो ते ॲसिटोनही बाहेर येते. त्यामुळे मोठ्या हीटिंग नॉझलला एक सिलेंडर पुरत नाही. बैलगाडीच्या चाकाची धाव तापवण्यासारख्या कामाला मला तरी ऑक्सिजन जाळणेच पटत नाही. तिथे हवेवर चालणारा एलपीजीचा बर्नर किंवा जुनी गोवऱ्यांची भट्टीच योग्य.

आपल्या दुकानापुरता आकडा स्वतः काढावा. एकाच जाडीच्या प्लेटवर, एकाच लांबीचे दहा कट दोन्ही गॅसांवर घ्यावेत. गॅसचा सिलेंडर आधी आणि नंतर काट्यावर तोलावा, कारण डी.ए.च्या घड्याळावरचा, म्हणजे रेग्युलेटरच्या दाबमापकावरचा, दाब तापमानाबरोबर बदलतो आणि त्यावरून गॅस किती उरला ते नीट कळत नाही. ऑक्सिजनचे मात्र घड्याळावरून समजते : ४७ लिटर पाणी मावणाऱ्या सिलेंडरचा दाब १० किलोने (प्रति चौरस सेंटिमीटर) उतरला, तर सुमारे ४७० लिटर ऑक्सिजन खर्च झाला. दोन्हींचा खर्च, गाडीभाडे आणि लागलेला वेळ यांची बेरीज करून प्रत्येक कटाचा भाव काढावा.

एलपीजीवर जाताना केवळ सिलेंडर बदलून चालत नाही. त्याचे नॉझल दोन भागांचे, वेगळे असते, डी.ए.च्या नॉझलवर एलपीजीची ज्योत टिकत नाही. नळीही एलपीजीला चालणारीच घ्यावी. सिलेंडर व्यावसायिक १९ किलोचाच वापरावा, घरगुती १४.२ किलोचा दुकानात वापरणे बेकायदेशीर आहे. लोखंडाचे गॅस वेल्डिंग एलपीजीवर नीट होत नाही, पितळ भरून केलेले ब्रेझिंग होते. तेवढ्यासाठी एखादे डी.ए. ठेवणारे दुकानदार चूक करत नाहीत.

डी.ए.चा दाब रेग्युलेटरवर १ किलोच्या वर चढवू नये आणि सिलेंडर नेहमी उभाच ठेवावा. त्याची नळी जोडायला जुन्या फ्रिजची तांब्याची नळी कधीही वापरू नये, कारण ॲसिटिलीन आणि तांबे यांच्यापासून स्फोटक पदार्थ तयार होतो. ऑक्सिजनच्या रेग्युलेटरला तेल किंवा ग्रीस लावू नये. उन्हाळ्यात पारा ४५ अंशांपर्यंत जातो, तेव्हा सिलेंडर पत्र्याच्या शेडमध्ये न ठेवता झाडाच्या किंवा मोकळ्या छपराच्या सावलीत ठेवावेत, आणि ठिणगीच्या टप्प्यात पऱ्हाटीचा ढीग किंवा कापूस असू नये. एलपीजी हवेपेक्षा जड असल्याने गळालेला गॅस जमिनीलगत साचतो. दुकानात ट्रॅक्टरखाली उतरण्याचा खड्डा असेल, तर सिलेंडर त्यापासून लांब ठेवावा आणि सकाळी टॉर्च पेटवण्यापूर्वी दारे उघडून खड्डा हवेशीर करावा.