सवाईसाठी पुण्याला जाताना : मिरजेहून निघणाऱ्याने आखायचा बेत

मिरजेच्या माणसाला सवाईचे, म्हणजे पुण्यात भरणाऱ्या शास्त्रीय संगीताच्या सवाई गंधर्व महोत्सवाचे, आमंत्रण वेगळे द्यावे लागत नाही. पंडित भीमसेन जोशी यांनी १९५३ साली आपले गुरू रामभाऊ कुंदगोळकर, म्हणजेच सवाई गंधर्व, यांच्या स्मरणार्थ हा महोत्सव सुरू केला. सवाई गंधर्व ज्यांच्याकडे शिकले ते अब्दुल करीम खाँसाहेब मिरजेत स्थायिक झालेले होते आणि त्यांची कबर आजही मिरासाहेबांच्या दर्ग्याच्या आवारात आहे. तरीही आमच्याकडचे अनेक जण दरवर्षी ‘पुढच्या खेपेला नक्की’ असे म्हणून घरी राहतात. गाण्याची ओढ कमी पडते असे नाही. रजा, तिकिटे, मुक्काम आणि परतीचा प्रवास यांचा मेळ वेळेवर बसत नाही. हा मेळ बसवायचा असेल तर बेत शेवटाकडून आखावा. रविवारी रात्री मांडवातून केव्हा बाहेर पडायचे हे आधी ठरवावे आणि बाकीचे सारे त्यावरून मागे मागे लावत यावे.

महोत्सव डिसेंबरमध्ये, बहुधा दुसऱ्या आठवड्यात, बुधवार ते रविवार असा पाच दिवस चालतो. अलीकडच्या वर्षांत बुधवार ते शुक्रवार दुपारी ३ ते रात्री १०, शनिवारी रात्री १२ पर्यंत आणि रविवारी दुपारी १२ ते रात्री १० असे सर्वसाधारण वेळापत्रक राहिले आहे. एके काळी हे गाणे रात्रभर चालत असे व श्रोते उजाडताना घरी जात. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनी रात्री १० नंतर ध्वनिक्षेपकाला बंदी घातली आणि पुढे वर्षातील मोजक्या दिवशीच १२ पर्यंतची सवलत मिळाली, म्हणून शनिवारची बैठक तेवढी लांबते. याचा एक परिणाम बाहेरगावच्या श्रोत्याने ध्यानात ठेवावा. ललत, भैरव, तोडी हे पहाटेचे-सकाळचे राग ऐकण्याच्या आशेने येणाऱ्याची येथे निराशाच होण्याचा संभव अधिक. मुलतानी, भीमपलासी, पटदीप हे दुपारचे राग मात्र त्यांच्या वेळेला ऐकायला मिळतात, आणि मारवा किंवा पूरिया धनाश्री दिवेलागणीला ऐकण्यासारखे सुख फार थोड्या ठिकाणी उरले आहे. म्हणून ‘मोठे कलाकार रात्रीच गातात, सातला पोचलो तरी चालेल’ हा हिशेब मला पटत नाही. दुपारी तीनला जागेवर असावे.

आता तिकिटे. येथे एक अडचण आहे. रेल्वेचे आरक्षण नोव्हेंबर २०२४ पासून ६० दिवस आधी खुले होते, म्हणजे सवाईच्या तारखांसाठी ते ऑक्टोबरात, दसऱ्याच्या आसपास मिळू लागते. कलाकारांची यादी मात्र सामान्यतः नोव्हेंबरात जाहीर होते. यादीची वाट पाहत बसलेल्याच्या वाट्याला प्रतीक्षायादीच येते. म्हणून तारखा कळताच, कोण गाणार हे माहीत नसतानाही, परतीचे आरक्षण करून टाकावे. बेत बदलला तर वेळेत रद्द करता येते आणि ठरावीक रक्कम कापून बाकीचे पैसे परत मिळतात. महोत्सवाची तिकिटे पाचही दिवसांची एकत्र आणि एकेका दिवसाची अशी दोन्ही प्रकारची असतात. भारतीय बैठक सर्वांत स्वस्त, खुर्च्या त्याहून महाग. मुळात पाच दिवस सलग ऐकण्याचा हट्ट बाहेरगावच्या माणसाने धरू नये, कारण तीन दिवसांनंतर कान थकतात आणि समोर कितीही चांगले गाणे चालू असले तरी ते आत उतरत नाही. शुक्रवार, शनिवार आणि रविवार असे तीन दिवस माझ्या मते पुरेसे आहेत. ज्याला गर्दीचे वावडे आहे त्याने मात्र बुधवार आणि गुरुवार निवडावेत. त्या दिवशी बैठकीत पाय पसरण्याइतकी जागा मिळते आणि तरुण कलाकार निवांतपणे ऐकता येतात.

जाताना एसटी आणि येताना रेल्वे असा माझा नेम आहे. सांगली-मिरजेकडून येणारी एसटी स्वारगेटला उतरवते आणि २०१८ पासून महोत्सव ज्या मुकुंदनगरच्या महाराष्ट्रीय मंडळाच्या क्रीडासंकुलात भरतो ते ठिकाण तेथून रिक्षाने अगदी जवळ आहे. (पूर्वी तो शनिवार पेठेतल्या रमणबागेत भरत असे. जुनी मंडळी अजूनही ‘रमणबागेत जाऊन येतो’ असेच म्हणतात, त्यांच्या सांगण्यावरून नव्या माणसाने शनिवार पेठ गाठू नये, आणि स्थळ त्या वर्षीच्या जाहिरातीत एकदा पाहून घ्यावे.) कोयना एक्स्प्रेसने दिवसाउजेडी जाता येते खरे, पण ती पुण्यात पोचेपर्यंत दुपारचा पहिला कलाकार बहुधा गाऊन गेलेला असतो, तेव्हा त्या गाडीने जायचे तर आदल्या दिवशी जावे. पुणे स्टेशनवर उतरणाऱ्यांना आता मेट्रो सोयीची झाली आहे. स्टेशनवरून वनाजकडे जाणारी गाडी धरून जिल्हा न्यायालय स्थानकावर उतरायचे आणि तेथे स्वारगेटकडे जाणाऱ्या भुयारी मार्गाची गाडी पकडायची. स्वारगेटपर्यंतचा हा टप्पा सप्टेंबर २०२४ मध्ये सुरू झाला. शनिवारी मैफल बाराला संपते तेव्हा मेट्रो बंद झालेली असते, म्हणून त्या रात्रीच्या रिक्षाची सोय आधीच मनात धरलेली बरी.

मुक्कामासाठी स्वारगेट, सदाशिव पेठ किंवा शुक्रवार पेठ हा भाग बरा पडतो. डिसेंबरात लग्नसराई असते, त्यामुळे खोली नोव्हेंबरच्या आत ठरवावी आणि ठरवताना दोन प्रश्न न विसरता विचारावेत. पहिला, दिवसाचा हिशेब आल्या वेळेपासून २४ तासांचा आहे की दुपारी १२ ला खोली सोडायची आहे. रविवारी मैफल दुपारी बारालाच सुरू होत असल्याने या एका उत्तरावर सामानाचे काय करायचे ते ठरते. दुसरा, रात्री बाहेरचा दरवाजा किती वाजता बंद होतो. हा प्रश्न न विचारल्यामुळे एका वर्षी शनिवारी रात्री साडेबाराला मी एका लॉजच्या बंद लोखंडी जाळीसमोर उभा होतो. आत दिवा होता, पहारेकरी खुर्चीत बसल्या बसल्या झोपला होता आणि डोक्यात अजून दरबारी राग घोळत असल्यामुळे मोठ्याने हाक मारण्याचा धीर होत नव्हता. जाळी वाजवावी लागलीच.

बैठकीत बसायचे असेल तर तयारी थोडी अधिक लागते. मांडव बाजूंनी मोकळा असतो आणि पुण्यात डिसेंबरच्या रात्री पारा १०-१२ अंशांपर्यंत उतरतो. दुपारी तीनला उन्हात शिरताना शाल ओझे वाटते, पण आठनंतर खालून जमिनीचा गारवा चढू लागला की तीच शाल घडी करून बसायला घ्यावी की पांघरावी असा प्रश्न पडतो. म्हणून एक जाडसर सतरंजी बसायला आणि एक शाल अंगावर, शिवाय कानटोपी, पाण्याची बाटली आणि नेहमीची औषधे बरोबर ठेवावीत. पाठीला आधार नसतो. ज्यांना कंबरेचा किंवा गुडघ्याचा त्रास आहे त्यांनी पैसे वाचवण्याच्या भरात बैठकीचे तिकीट काढू नये, खुर्चीच घ्यावी. खाण्यापिण्याचे स्टॉल आवारातच असतात. पण सगळे श्रोते एका कलाकाराचे गाणे संपताच तिकडे धाव घेतात, त्यामुळे चहाच्या रांगेत पुढच्या कलाकाराची तंबोऱ्यांची जुळवाजुळव आणि कधी कधी आलापाची सुरुवातही हुकते. मी दुपारचे जेवण उशिरा आणि पोटभर करतो, पिशवीत दशम्या व चटणी ठेवतो आणि चहा एखादी रचना संपून दुसरी सुरू होण्याच्या बेतात असताना कडेने उठून घेऊन येतो. संथ लयीतला विलंबित ख्याल रंगात आलेला असताना उठून रांग ओलांडणे वाईट दिसते, आणि शेजारचा पुणेकर ते बोलूनही दाखवतो. ध्वनिमुद्रण करण्याच्या मोहात पडू नये. त्याला मनाई असते.

सकाळ मोकळी मिळते आणि ती खरेदीत घालवणे मला नेहमी वाया गेल्यासारखे वाटते. महोत्सवाच्या दिवसांत शिवाजीनगरच्या सवाई गंधर्व स्मारकात सकाळी संगीतविषयक लघुपट आणि कलाकारांच्या मुलाखती होतात, तेथे जावे. मुक्काम शुक्रवार पेठेत असेल तर राजा दिनकर केळकर संग्रहालय जवळच आहे आणि तेथील वाद्यांचा संग्रह पाहण्याजोगा आहे. तंतुवाद्ये बनवणाऱ्या गावाहून, म्हणजे मिरजेहून, आलेला माणूस तेथे वाद्यांच्या भोपळ्यांची घडण निरखत बराच वेळ रमतो. त्यानंतर जेवून तासभर झोप काढावी. ही झोप चैन म्हणून नाही, रात्रीच्या गाण्यासाठी आहे.

राहिला परतीचा प्रवास. रविवारी शेवटचा कलाकार ज्येष्ठ असतो. पूर्वी स्वतः भीमसेनजी आणि त्यांच्यानंतर अनेक वर्षे प्रभा अत्रे यांच्या गायनाने सांगता होत असे. ते गाणे संपल्यावर सवाई गंधर्वांच्या आवाजातील भैरवीची जुनी ध्वनिमुद्रिका ऐकवतात. ती न ऐकता उठावे लागेल असे कोणतेही आरक्षण करू नये, मग ती गाडी कितीही सोयीची असो. मुंबईहून येणारी महालक्ष्मी एक्स्प्रेस मध्यरात्र उलटल्यावर पुण्यातून सुटते आणि पहाटे मिरजेला पोचवते, त्यामुळे मैफल थोडी लांबली तरी ती गाठता येते. मात्र रविवारच्या मैफलीनंतर सुटणारी ही गाडी पुण्यापुरती सोमवारची असते, म्हणून पुण्याहून बसण्याचे आरक्षण सोमवारच्या तारखेचे करावे लागते. मी पहिल्या वर्षी रविवारची तारीख टाकली होती. तिकीट तपासनिसाने ते दिव्याखाली धरून पाहिले, माझ्या गळ्यातल्या शालीकडे पाहिले आणि गाडी काल रात्रीच गेल्याचे शांतपणे सांगितले. मग स्वारगेटला परत येऊन पहाटेच्या पहिल्या एसटीत खिडकीची जागा धरली.