कोरड्या त्वचेसाठी करडईच्या तेलाचे घरगुती लोशन कसे तयार करावे?

दिवाळी सरली की मराठवाड्यातील हवा कोरडी पडू लागते आणि वेळा अमावस्येच्या सुमारास परभणी, हिंगोली, नांदेड या भागांत पहाटेचा पारा अनेकदा १० अंशांच्या आसपास किंवा त्याखाली उतरतो. या दिवसांत पोटरीवर नख ओढले तरी पांढरी रेघ उमटते, ओठ उलतात, टाचा फुटतात आणि रात्री अंथरुणात शिरल्यावर अंग खाजते. सगळा दोष थंडीच्या माथी मारला जात असला, तरी बोअरचे जड पाणी, बंबातले कढत पाणी आणि साबणाचा सढळ वापर यांचाही त्यात मोठा वाटा असतो. कढत पाणी व साबण मिळून त्वचेवरचा स्निग्ध थर धुऊन नेतात, आणि जड पाण्यात साबणाचा साका नीट निघून न जाता अंगावरच राहतो. त्यामुळे पुढे दिलेले लोशन तयार करण्याआधी आंघोळीचे पाणी कोमट करावे आणि साबण काख, जांघ, पाय अशा गरजेच्या जागीच लावावा. एवढ्याने निम्मे काम होते, असे माझे मत आहे.

बाजारातील लोशनमध्ये तेल आणि पाणी एकजीव केलेले असते. घरी तसे करायचे म्हटले, तर दोन अडचणी येतात. पहिली अडचण म्हणजे नुसत्या मेणाने पाणी तेलात टिकून राहत नाही; ढवळताना मिश्रण पांढरेशुभ्र व एकजीव दिसते, पण पुढे बरणीच्या तळाशी पाणी सुटते. दुसरी अडचण अधिक गंभीर आहे: ज्या मिश्रणात पाणी असते, त्यात जंतू आणि बुरशी वाढतात, आणि त्यांना रोखण्यासाठी फिनॉक्सिइथेनॉलसारखे परिरक्षक वजनाच्या १ टक्क्याच्या आत मोजूनमापून घालावे लागते. घरातल्या चमच्यांनी हे माप साधत नाही. गुलाबजल किंवा कोरफडीचा गर घातलेली घरगुती क्रीम महिनोन्‌महिने टिकते, असे सांगणाऱ्या कृती सर्वत्र फिरत असल्या, तरी त्यांवर विश्वास ठेवू नये. येथे दिलेले लोशन पाण्याविना तयार होते. ते घुसळून हलके केलेले असल्यामुळे बोटाने सहज पसरते, आणि त्वचेला लागणारे पाणी आपण ते ओल्या अंगावर लावून मिळवतो.

मुख्य घटक करडईचे तेल हाच आहे. करडई मराठवाड्याच्या काळ्या रानातले रब्बी पीक असून परभणीच्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठाने ‘परभणी कुसुम’सारखे वाण याच पिकासाठी विकसित केले आहेत. आपल्याकडील नेहमीच्या करडईच्या तेलात सुमारे ७० टक्के किंवा त्याहून अधिक लिनोलेइक आम्ल असते. त्वचेचा वरचा थर ज्या स्निग्ध द्रव्यांनी सांधलेला असतो, त्यांच्या जडणघडणीत हे आम्ल लागते. शिवाय हे तेल अंगावर चिकट बसत नाही. त्याचा एक दोषही आहे: हवा, ऊन आणि उष्णता लागली की ते लवकर खवट होते. म्हणून लोशन थोडेच करावे. लाकडी घाण्याचे तेल घेतल्यास ते दोन दिवस स्थिर ठेवून वरचे नितळ तेल मलमलच्या कोरड्या फडक्यातून गाळून घ्यावे.

सुमारे १०० ग्रॅम लोशनासाठी करडईचे तेल ६० ग्रॅम, खोबरेल तेल २५ ग्रॅम, मधमाश्यांचे मेण १५ ग्रॅम आणि जीवनसत्त्व ‘ई’ची ४०० मिलिग्रॅमची एक कॅप्सूल लागते. हे जीवनसत्त्व तेलाचा खवटपणा लांबवते. जंतूंना मात्र ते रोखत नाही. मेण मधपाळांकडे किंवा काष्ठौषधींच्या दुकानात मिळते. ते पिवळसर असते आणि त्याला मधाचा मंद वास येतो. मेणबत्तीचे मेण वितळवून वापरू नये, कारण ते बहुधा पॅराफिन असते आणि त्यात रंग व सुगंध मिसळलेले असू शकतात. मोजमाप छोट्या डिजिटल वजनकाट्यावर करावे; चमच्याने मेण मोजल्यास दरवेळी लोशन वेगळे होते.

आता कृती. काचेची रुंद तोंडाची बरणी गरम पाण्याने धुऊन उन्हात पूर्ण कोरडी करावी. तिच्यात पाण्याचा थेंबही राहता कामा नये. पातेल्यात तीन-चार बोटे पाणी उकळून आच मंद करावी आणि त्यात स्टीलचे लहान, कोरडे भांडे ठेवून त्यात मेण घालावे. मेणाचे सुरीने बारीक तुकडे करावेत. किसणीवर किसल्यास ती साफ करताना जीव मेटाकुटीस येतो. मेण साधारण ६२ ते ६४ अंश सेल्सिअसला वितळते, त्यामुळे पाण्याची वाफ पुरेशी होते. ते थेट आचेवर कधीही ठेवू नये, कारण जास्त तापलेले मेण पेट घेऊ शकते. मेण वितळले की त्यात दोन्ही तेले ओतावीत. थंड तेल पडताच मेणाच्या पांढऱ्या गुठळ्या दिसतील. घाबरण्याचे कारण नाही, हलक्या हाताने ढवळत राहिल्यास त्या विरघळतात. मिश्रण पुन्हा स्वच्छ, पारदर्शक झाले की भांडे सांडशीने उचलून खाली ठेवावे आणि बाहेरून पुसून कोरडे करावे.

या टप्प्यावर घट्टपणा तपासून घ्यावा. स्टीलची ताटली थोडा वेळ फ्रीजमध्ये थंड करून तिच्यावर मिश्रणाचा एक थेंब टाकावा आणि तो गोठल्यावर बोटाने चोळून पाहावा. फार घट्ट वाटल्यास चमचाभर करडईचे तेल घालावे. फार पातळ वाटल्यास चिमूटभर मेण घालून भांडे पुन्हा वाफेवर ठेवावे. चैत्र-वैशाखात पारा ४० अंशांच्या पुढे जातो आणि खोबरेल तर २४ अंशांच्या सुमारासच पातळ होते, म्हणून उन्हाळ्यासाठी मेण २० ग्रॅम करून करडईचे तेल ५ ग्रॅमने कमी करावे. फुटलेल्या टाचांसाठी वेगळे, घट्ट मलम हवे असल्यास मेण २५, खोबरेल २५ आणि करडईचे तेल ५० ग्रॅम असे प्रमाण घ्यावे व ते घुसळू नये.

मिश्रण निवत असताना त्याच्याकडे लक्ष ठेवावे लागते. आधी भांड्याच्या कडेला फिकट पिवळी, अपारदर्शक रिंगण धरते आणि मधला भाग अजून पातळच असतो. नेमक्या याच वेळी कॅप्सूल टोचून आतील तेल पिळावे आणि काट्याने किंवा हाताने चालवायच्या ब्लेंडरने घुसळायला सुरुवात करावी. कडेचे मिश्रण खरवडून मध्ये आणत सात-आठ मिनिटे घुसळल्यास ते फिकट होते, फुगते आणि लोण्यासारखे मऊ पडते. घुसळायला उशीर झाल्यास मेणाचे बारीक कण तयार होतात व लोशन रवाळ लागते. तसे झाल्यास सगळे पुन्हा वितळवावे. भरलेल्या बरणीचे झाकण मिश्रण पूर्ण थंड झाल्यावरच लावावे, नाहीतर आत वाफेचे थेंब जमतात. मेणकट भांडी गरम असतानाच जुन्या वर्तमानपत्राने पुसून घ्यावीत. तसेच धुतल्यास मोरीच्या नळीत मेण गोठते.

पहिल्यांदा वापरण्यापूर्वी कोपराच्या आतील बाजूस थोडेसे लोशन लावून ४८ तास वाट पाहावी. लालसरपणा किंवा खाज न आल्यास ते अंगाला लावण्यास हरकत नाही. आंघोळीनंतर अंग टॉवेलने खसखसा न पुसता टिपून घ्यावे आणि त्वचा ओलसर असतानाच, तीन-चार मिनिटांच्या आत, वाटाण्याएवढे लोशन तळहातावर चोळून एकेका हातापायाला पातळ लावावे. कोरड्या अंगावर थापलेले लोशन कपड्यांनाच अधिक लागते. टाचांना रात्री पाय धुऊन मलम लावावे आणि वरून सुती मोजे घालावेत. चेहऱ्यावर मुरुमे येत असतील, तर खोबरेल असलेले हे लोशन तेथे लावू नये. त्यात लिंबाचा रस, खाण्याचा सोडा किंवा कापूर घालण्याचा मोह टाळावा. लिंबाचा रस लावून उन्हात गेल्यास त्वचा भाजल्यासारखी होऊ शकते, आणि तान्ह्या बाळांसाठी कापूर घातक आहे.

बरणीत ओले बोट घालू नये, ती अंधाऱ्या जागी ठेवावी आणि लोशन दोन महिन्यांत संपवावे. वास जुन्या तेलासारखा येऊ लागल्यास त्याआधीही टाकून द्यावे. मधुमेही व्यक्तीच्या टाचेची भेग खोल असेल, तिच्यातून रक्त किंवा पू येत असेल, तर घरगुती उपाय न करता डॉक्टरांना दाखवावे. रात्री खाज वाढत असेल, बोटांच्या बेचक्यांत पुरळ असेल आणि घरातील इतरांनाही खाज सुटली असेल, तर ती बहुधा खरूज असते. तिच्यावर कोणतेही लोशन चालत नाही. घरातील सर्वांनी एकाच वेळी औषधोपचार घ्यावे लागतात.