परदेशातून ट्रेकिंगचं सामान पार्सल फॉरवर्डिंगनं कसं मागवावं

सह्याद्रीत फिरायला लागणारं बहुतेक सामान आता इथेच मिळतं. कातळावर पकड घेणारे ॲक्शनचे बूट जवळच्या दुकानात असतात, सॅक डेकॅथलॉनमध्ये पाठीवर चढवून बघता येते. अडतं ते हिमालयातल्या आठ-दहा दिवसांच्या ट्रेकची तयारी करताना. किलोभराच्या आसपासचा तंबू, सॅकेत लहानशा कलिंगडाएवढी जागा घेणारा डाऊनचा क्विल्ट (पक्ष्यांच्या मऊ पिसांची हलकी रजई) अशा वस्तू बनवणाऱ्या छोट्या अमेरिकन कंपन्यांपैकी बऱ्याच जणी भारतात माल पाठवतच नाहीत. अशा वेळी पार्सल फॉरवर्डिंग उपयोगी पडतं. तुम्हाला अमेरिकेतला एक पत्ता आणि तुमच्या नावचा स्वीट (suite) नंबर, म्हणजे त्या पत्त्यावरचा तुमचा खाते क्रमांक मिळतो. दुकान माल तिथल्या गोदामात पाठवतं आणि गोदाम तो तुमच्या घरी.

आधी ठरवा, काय मागवायचं नाही

बूट मागवू नका. साइज चुकली तर परत पाठवायचा खर्च बुटांच्या किमतीला भिडतो. गॅसचा कॅनिस्टर विमानानं येऊ शकत नाही. बर्नर नवाकोरा असेल तर येतो, कॅनिस्टर इथे घ्या. सुटी पॉवर बँक बहुतेक गोदामं स्वीकारत नाहीत.

आणि सॅटेलाइट मेसेंजर, म्हणजे मोबाइलची रेंज नसतानाही उपग्रहावरून संदेश पाठवणारं गार्मिन इनरीचसारखं यंत्र, अजिबात नको. परदेशी ट्रेकर ते सर्रास वापरतात, त्यामुळे आपल्यालाही मोह होतो. भारतात ते परवान्याशिवाय बाळगणं गुन्हा आहे. डिसेंबर 2024 मध्ये गोव्याच्या विमानतळावर कॅनडाच्या एका धावपटूला याच यंत्रापायी पोलिसांना सामोरं जावं लागलं. ड्रोन आणि वॉकीटॉकीच्याही भानगडीत पडू नका.

खातं उघडताना

गोदाम ओरेगन किंवा डेलावेअरमध्ये असलेली कंपनी निवडा. या राज्यांत सेल्स टॅक्स नाही, त्यामुळे तेवढी रक्कम सुरुवातीलाच वाचते. बऱ्याच कंपन्या फॉर्म 1583 भरून घेतात. तुमच्या वतीनं टपाल स्वीकारायची ती परवानगी असते, सोबत ओळखपत्रं लागतात. हे काम ऑर्डरच्या आधीच उरकून घ्या, नाहीतर माल गोदामात पोचतो आणि कागद अडलेला राहतो.

खोक्याचं माप काढा

लोक सगळ्यात जास्त चुकतात ते इथे. मीही चुकलो होतो. पहिल्या वेळी मी घडीची फोम मॅट मागवली, थर्मारेस्टची झी लाइट. वजन जेमतेम 410 ग्रॅम, म्हटलं पाठवायला असं किती लागणार? पण कुरिअर कंपन्या प्रत्यक्ष वजन आणि आकारमानाचं वजन, यांतलं जे जास्त असेल त्याचे पैसे लावतात. आकारमानाचं वजन काढायचं सूत्र सोपं आहे: लांबी, रुंदी, उंची सेंटिमीटरमध्ये घ्या, गुणाकार करा आणि 5000 नं भागा. मॅटची घडी 51 बाय 13 बाय 14. गुणाकार 9282, भागाकार 1.86 किलो. कुरिअर अर्ध्या किलोच्या पटीत वर जातं, म्हणजे 2 किलो. हे झालं नुसत्या घडीचं. दुकानानं ती भल्यामोठ्या खोक्यात, बाजूला हवेच्या पिशव्या कोंबून पाठवली होती, आणि गोदामानं त्याच खोक्याची मापं घेतली. तशी मॅट मला इथे निम्म्याहून कमी पैशांत मिळाली असती.

तेव्हापासून मी ऑर्डरच्या आधी टेप घेऊन बसतो. वस्तूच्या पानावर पॅक केल्यावरची मापं दिलेली असतात, ती लिहून घेतो आणि घरातल्या एखाद्या खोक्याशी ताडून बघतो. गोदामाला दोन सूचना आवर्जून द्या: दुकानाचं खोकं काढून लहान खोक्यात भरा, आणि दोन-तीन दुकानांतून आलेला माल एकत्र करा. क्विल्ट दाबून बसतो, त्याचा फायदा होतो. ट्रेकिंग पोल घेणार असाल तर घडी होऊन साधारण 40 सेंटिमीटरवर येणारेच बघा. लांब पोलमुळे सगळं खोकंच लांब होतं.

ड्युटीचा हिशेब

ड्युटी नुसत्या वस्तूच्या किमतीवर लागत नाही, त्यात वाहतूक आणि विमाही धरतात. त्यावर मूळ सीमाशुल्क, मग त्या शुल्काच्या 10 टक्के समाज कल्याण अधिभार, आणि या सगळ्या बेरजेवर आयजीएसटी, म्हणजे आयातीवर लागणारा जीएसटी. रीत समजावी म्हणून समजा वस्तू 25,000 रुपयांची, वाहतूक-विमा 5,000, मूळ शुल्क 20 टक्के आणि आयजीएसटी 18 टक्के. मग शुल्क 6,000, अधिभार 600, आणि 36,600 वर आयजीएसटी 6,588. एकूण 43,188 रुपये. कस्टममधून माल सोडवायचं कुरिअरचं शुल्क वेगळं. दर बजेटमध्ये बदलतात, म्हणून आइसगेट या कस्टमच्या संकेतस्थळावर त्या दिवशीचे दर बघून हेच गणित पुन्हा मांडा. आलेला आकडा इथल्या पर्यायाशेजारी लिहा आणि मगच कार्ड हातात घ्या.

कोणी सांगेल की ‘भेटवस्तू’ लिहा, ड्युटी लागणार नाही. ऐकू नका. 5,000 रुपयांपर्यंतच्या भेटींची सवलत डिसेंबर 2019 मध्येच काढून टाकली. किंमत कमी दाखवायचाही सल्ला मिळतो. त्यात माल अडकायचा, दंड बसायचा धोका आहे, शिवाय खोकं हरवलं तर विमा दाखवलेल्या किमतीपुरताच मिळतो. खरी किंमत लिहा, बिल जोडा. वर्णनात ‘आउटडोअर गियर’ असं मोघम नको. ‘एका माणसाचा तंबू, पॉलिस्टर, नग 1’ असं लिहिलं की कस्टमला प्रश्न कमी पडतात.

पैसे भरणं आणि वाट बघणं

बँकेच्या ॲपमध्ये कार्डाचा आंतरराष्ट्रीय वापर चालू करा. बिलिंगला तुमचा भारतातला पत्ता, शिपिंगला गोदामाचा, आणि स्वीट नंबर न विसरता. पत्ते वेगळे दिसले की काही दुकानं ऑर्डर रद्द करतात. त्यांना आधीच ईमेल करून विचारलेलं बरं. भारतात पार्सल आलं की कुरिअर केवायसी मागतं. आधारची प्रत तयार ठेवा आणि खोक्यावरचं नाव आधारवरच्या नावाशी जुळतंय ना ते बघा.

खोकं हातात आल्यावर

उघडताना व्हिडिओ काढा. तंबू त्याच दिवशी गच्चीवर लावा, झिपा चालवून बघा, खुंट्या मोजा, काही कमी असेल तर दुकानाला लगेच कळवा. सिलनायलॉनचे, म्हणजे सिलिकॉनचा लेप दिलेल्या नायलॉनचे, काही तंबू शिवणी सील न करता येतात, आणि सीलरच्या बाटल्या ज्वलनशील म्हणून विमानात बहुधा अडतात. हार्डवेअरच्या दुकानात मिळणारं शंभर टक्के सिलिकॉनचं पारदर्शक सीलंट मिनरल टर्पेंटाइनमध्ये पातळ करा, जुन्या ब्रशनं बाहेरून प्रत्येक शिवणीवर पातळ हात मारा आणि तंबू रात्रभर ताणलेला ठेवून वाळू द्या. दुसऱ्या दिवशी बादलीभर पाणी वरून ओता, मग आत शिरून शिवणींवर बोट फिरवा.